सार्फाकचं सावलीगाव

शाल्मली टिळेकर हेलिकॉप्टरमधून सार्फाकला उतरली तेव्हा तिच्यापुढे दोन कामं होती. एक सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे जेमतेम शंभर वस्तीचं गाव आणि त्याच्या भोवतीची जमीन, शेवाळ, समुद्र, मासे हे सगळं मिळून बदलत्या हवामानाचे किती धक्के सोसू शकेल, ते तिला मोजायचं होतं. दुसरं काम तिने पुण्याच्या संस्थेत कुणाला सांगितलं नव्हतं, साताऱ्याला आईलाही नाही. आदल्या वर्षी याच गावासमोरच्या खाडीतला बर्फ फुटून चार माणसं बुडाली होती. त्यांतला एक तिचा नवरा, निनाद. तो इथे कुठे चालायचा, कुठे बसायचा, कुठल्या खिडकीतून बाहेर बघायचा, ते तिला पाहायचं होतं.

उतरल्या जागी एक ठेंगणी, रुंद चेहऱ्याची, साठीतली बाई उभी होती.

"तू निनातची बायको," ती म्हणाली. शाल्मलीच्या कानातल्या दुभाष्या यंत्राने ते लगेच मराठीत सांगितलं. निनादचा 'द' मात्र त्या बाईच्या जिभेवर बसत नव्हता. "मी पानिंग्वाक. आक्कालुकची बायको. त्या दिवशी बर्फावर गाडी तोच चालवत होता."

शाल्मलीला वाटलं, आता ही माफी मागेल. पण पानिंग्वाकने तिची जड बॅग उचलली आणि वाट धरली. "निनात माझ्याकडे राहायचा. तूही तिथेच राहा. खोली तशीच आहे."

तिच्या भाषेत अहो-जाहो नव्हतं, म्हणून दुभाष्या सगळ्यांना 'तू'च म्हणायला लावी. शाल्मली बोलताना 'तुम्ही' म्हणायची, पण ते वाटेतच गळून पडायचं. तिची काही तक्रार नव्हती. वर्षभर सगळे तिच्याशी जपून, अंतर राखून बोलत आले होते.

शाल्मलीच्या यंत्राला सरकारी नाव लांबलचक होतं. निनाद आणि ती त्याला आपसांत 'सावर' म्हणत. कल्पना साधी होती. भोवरा जोरात फिरत असताना त्याला टिचकी मारली, तर तो क्षणभर डुगडुगतो आणि पुन्हा सरळ होतो. त्याचा जोर ओसरत आला की तीच टिचकी त्याला जास्त वेळ हेलकावत ठेवते. म्हणजे भोवरा पडणार की नाही हे पाहायला तो पडायची वाट बघावी लागत नाही. सावरायला किती वेळ लागतो ते बघितलं की पुरे. जंगल, तळं, प्रवाळ, गाव, सगळ्यांना हाच नियम लागू पडतो. भर हिवाळ्यात अवेळी पाऊस पडला, तर टुंड्रातल्या शेवाळाचा श्वास पुन्हा लयीत यायला किती काळ लागतो? वादळाने मासेमारी बंद पडली, तर माणसं पुन्हा होड्या कधी काढतात, एकमेकांकडे कॉफीला कधी जातात? हा काळ दर धक्क्याला वाढत चालला, तर समजायचं की कडेलोट जवळ आला.

माणसांची लय टिपायला गावाखालून आणि खाडीच्या तळातून केसासारख्या बारीक काचेच्या तारा पुरल्या होत्या. वर पाऊल पडलं की तारेतला प्रकाश किंचित थरथरे, आणि प्रत्येकाची चाल वेगळी असल्यामुळे त्या थरथरीवरून माणूस ओळखू येई. ते काम निनादचं. पण एखादं गाव किती ढळलं हे कळायला ते मुळात कुठे असायला हवं होतं हेही कळावं लागतं. म्हणून संगणक दुसरं एक गाव चालवायचा. कुठलंच संकट आलं नसतं तर आज, या घटकेला, कोण कुठे गेलं असतं, याचा तो सतत अंदाज बांधायचा. संकट न आलेलं ते गाव म्हणजे सावलीगाव. खरं गाव आणि सावलीगाव यांच्यातलं अंतर म्हणजे धक्क्याची खोली, आणि ते अंतर मिटण्याचा वेग म्हणजे सावर-अंक.

गावाने या तारा पुरू देताना दोन अटी घातल्या होत्या. आमची पावलं साठवून ठेवायची नाहीत. यंत्र त्यांतून जे शिकेल तेवढंच ठेवायचं. आणि यंत्र जे दाखवेल ते आम्हालाही दिसलं पाहिजे. म्हणून गावच्या सामायिक घरात, जिथे कपडे धुवायची यंत्रं होती, गरम पाण्याच्या न्हाण्या होत्या आणि कॉफीचं भांडं कायम तापलेलं असे, तिथल्या भिंतीवर शाल्मलीने मोठा पडदा लावला. खरी माणसं निळ्या ठिपक्यांत, सावलीगावची पांढऱ्या. ठिपक्यांना नावं नव्हती. तिला वाटलं, एवढी खबरदारी पुरेशी आहे.

पडदा सुरू झाला तेव्हा धुणं घेऊन आलेल्या बायका थांबून बघायला लागल्या. बहुतेक निळ्या ठिपक्यांना पांढरे ठिपके चिकटलेले होते, सवयीप्रमाणे वागणाऱ्या माणसांचे असतात तसे. चार पांढरे ठिपके मात्र एकटेच फिरत होते.

"हा आक्कालुक," पानिंग्वाक म्हणाली.

बायका पडद्याच्या जवळ सरकल्या.

"होडीकडे चाललाय. आता थांबेल. दुकानाच्या पायरीवर बसून पाइप ओढेल." ठिपका दुकानापाशी थांबला. पानिंग्वाकने हातातली चादर खाली ठेवली.

शाल्मलीचं लक्ष दुसऱ्याच ठिपक्याकडे गेलं होतं. तो पानिंग्वाकच्या घरातून निघाला, तारांची उपकरणं ठेवलेल्या खोपटापर्यंत गेला, आणि मग वाकडी वाट करून गावाच्या टोकाला, जिथे काहीच नव्हतं अशा जागी, बराच वेळ उभा राहिला. लहानपणी सायकलवरून पडल्यापासून निनाद उजवी टाच जराशी ओढायचा. पडद्यावर ते दिसत नव्हतं. पण शाल्मलीने यंत्राने शिकून ठेवलेल्या त्या चालीचा आलेख काढला आणि ती ओढ तिला त्या रेषेत दिसली. लांब, लहान. लांब, लहान.

"तो तिथे कशाला थांबतो?" तिने विचारलं.

"तिथे माझी म्हातारी कुत्री बांधलेली असते. आंधळी," पानिंग्वाक म्हणाली. "स्वतःच्या ताटातला मासा खिशात घालून न्यायचा तिच्यासाठी. त्याला वाटायचं, मला कळत नाही."

शाल्मली खळखळून हसली. तशी ती बऱ्याच महिन्यांत हसली नव्हती. नेमकं हेच तिला पाहायचं होतं.

खरं तर तिने पडदा त्याच दिवशी काढायला हवा होता. चार पांढरे ठिपके लपवणं हे दोन मिनिटांचं काम. पण ती स्वतःच रोज दुपारी कॉफीच्या निमित्ताने तिथे जाऊन बसायला लागली, आणि इतरांना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? पुढे गावच्या समितीने विचारलं, हे फोनवरही बघता येईल का? तिने तेही करून दिलं.

हळूहळू गाव बदललं. म्हणजे, बदलायचं थांबलं. आक्कालुकचा ठिपका घरी यायच्या वेळेला पानिंग्वाक उकडलेल्या माशाचं ताट वाढून बसे. बुडालेल्या दोघा भावांची आई त्यांचा ठिपका दाराशी आला की कडी काढायची. लोक वाटेत अंग चोरून बाजूला व्हायचे, कारण फोनवर पांढरा ठिपका समोरून येताना दिसायचा. कुणी रडत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. अपघातानंतर शहरात निघून जायचं म्हणणारी माणसं आता तो विषय काढेनाशी झाली. प्रत्येक जण बरोबर तिथे होता जिथे त्याने असायला हवं होतं.

सावर-अंक चढत गेला.

उत्तरेकडच्या वस्त्यांसाठी जो आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला होता, त्याचे संचालक थोरकिल खूश होते. ज्या गावांचा अंक पुरेसा भरेल त्यांना समुद्राला आवर घालणारी भिंत आणि नवं वीजघर मिळणार होतं. बाकीच्यांना शहरात हलवायचं ठरलं होतं.

"इतका चांगला अंक कुठल्याच गावाचा नाही," ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले. "चार माणसं गमावलेलं गाव, आणि बघा! तुमच्या नवऱ्याच्या कामाचं सार्थक झालं."

शाल्मलीने मान हलवली. पण तिच्या पुढ्यात दुसरे आकडेही होते. शेवाळाचा श्वास दर पावसानंतर आणखी उशिराने लयीत येत होता. खाडीचं पाणी मागच्या उन्हाळ्याच्या उष्म्यातून अजून सावरलं नव्हतं. बर्फ धरायचा तोच उशिरा, आणि धरला तरी आतून पोकळ. जमीन डुगडुगत होती, समुद्र डुगडुगत होता, आणि त्यांच्यावर जगणारी माणसं मात्र जराही हलत नव्हती. तिला पुण्याला विद्यार्थ्यांना सांगितलेलं आठवलं. भोवरा दोनदा स्थिर दिसतो, एकदा पुऱ्या वेगात असताना आणि एकदा आडवा पडल्यावर.

हे तिला कळलं होतं. तरी तिने पडदा बंद केला नाही, कारण त्याच सुमाराला तिला आणखी एक गोष्ट दिसली.

यंत्र रोज नव्याने शिकत होतं. मुक्काम वाढल्यावर त्याने शाल्मलीलाही गावकरी धरलं आणि सावलीगावात तिचाही पांढरा ठिपका आणला. अपघात झालाच नसता तर ती कुठे असती? यंत्राला पुणे ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की एका घरात, एका खोलीत दोन माणसं राहतात. एका दुपारी शाल्मलीच्या डोळ्यांदेखत पानिंग्वाकच्या घरातून दोन पांढरे ठिपके बाहेर पडले. एकमेकांना लागून चालत गावाच्या टोकाला गेले आणि आंधळ्या कुत्रीपाशी थांबले.

या वाटेवर ती निनादबरोबर कधीही चालली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती फोन हातात धरून आपल्या ठिपक्यावर पाऊल ठेवत निघाली. तो थांबला की थांबायची, तो वळला की वळायची. कुत्रीने शेपूट हलवली. शाल्मली उजवीकडे बघून म्हणाली, "किती गारठा आहे रे." आपण मोठ्याने बोललो हे तिला मागाहून लक्षात आलं.

पानिंग्वाकच्या मुलीला, नायाला, वसंत लागता लागता मुलगा झाला. शाल्मली बाळाला बघायला गेली. हाताने विणलेलं टोपडं तिने पुढे केलं.

"नाव काय ठेवलं?"

नायाने दाराकडे बघितलं. आई बाहेर होती. "ठेवलं नाही," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव बाळाला देतात. नुसतं नाव नाही. ते माणूसच परत आलं असं धरतात. मग आईने त्याच्याशी नवऱ्यासारखं बोलायचं, मी वडिलांसारखं. म्हणजे कुणी पूर्ण जात नाही, आणि नवीन माणूसही रिकाम्या हाताने येत नाही. माझ्या बाळाला बाबांचं नाव मिळायला हवं होतं."

"मग?"

"आई म्हणते, ते अजून रोज घरी येतात. जिवंत माणसाचं नाव कसं देऊ?" नायाने बाळाला छातीशी घेतलं. "दुकानवाल्याची सूनही पोटुशी आहे. तिच्या बाळालाही नाव नसेल. तू ते बंद कर ना."

"अंक पडेल," शाल्मली म्हणाली. "गाव उठवतील."

नाया तिच्याकडे बघत राहिली. "त्यासाठी चालू ठेवलंयस?"

शाल्मली टोपडं तिथेच ठेवून निघाली. उद्या बंद करू, असं तिने स्वतःला बजावलं. पण उद्या आला, आणि तिने आधी तो दोन ठिपक्यांचा फेरफटका पाहून घेतला. मग परवावर ढकललं.

वसंतात आक्कालुक दरवर्षी खाडीच्या पलीकडे, बर्फाला भोकं पाडून हॅलिबट मासे धरायला जायचा. सावलीगावातला आक्कालुकही निघाला. त्या गावात बर्फ जसा असायला हवा तसाच होता, जाड आणि पांढरा.

शाल्मली शेवाळाची नोंद घ्यायला टेकडीवर होती. लख्ख ऊन पडलं होतं. खाली बर्फावर एक लहानसा काळा आकार चालताना तिला दिसला. तिने फोन बघितला. एक पांढरा ठिपका खाडीत पुढे सरकत होता आणि त्याच्यामागे, थोडं अंतर राखून, एक निळा.

ती धावत खाली आली आणि किनाऱ्यावरून ओरडली, "पानिंग्वाक! मागे फिरा!" वारा समुद्राकडून गावाकडे होता. आवाज तिच्याच तोंडावर परत आला. तिने फोन लावला, पानिंग्वाकने तो कट केला. ती बर्फावर उतरली. दहा-बारा पावलांत पाय घोट्यापर्यंत गेला आणि बुटात पाणी शिरलं. पानिंग्वाक हलकी होती, तिला बर्फ वाचता येत होता, पण ती बर्फाकडे बघतच नव्हती. हातातल्या फोनकडे बघत चालली होती, बाजारात नवऱ्याच्या मागे चालावी तशी. तिच्या पुढे, फार पुढे नाही, बर्फाचा रंग राखाडी होत होता.

शाल्मली तिथेच गुडघ्यांवर बसली. बोटं वळत नव्हती. तिने यंत्र उघडलं. चार ठिपके लपवून भागणार नव्हतं; यंत्र ते तासाभरात पुन्हा काढेल आणि ही बाई उद्या पुन्हा निघेल. सावलीगाव मुळापासून पुसायला हवं होतं. पावलं साठवलेली नव्हती, त्यामुळे पुसल्यावर ते कुणालाही परत उभं करता येणार नव्हतं. यंत्राने तेच विचारलं. 'हे परत आणता येणार नाही. पुसायचं?'

फोनच्या कोपऱ्यात, गावाच्या टोकाला, दोन पांढरे ठिपके कुत्रीपाशी उभे होते.

तिने 'हो' दाबलं. यंत्राने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा दाबलं.

दूरवर पानिंग्वाक थबकली. तिने फोन हलवला, कानाशी धरला, पुन्हा पाहिला. मग मान वर केली. बराच वेळ ती तशीच उभी होती, समोर, जिकडे तो चालला होता तिकडे बघत. शाल्मलीला वाटलं ही पुढेच जाणार. मग ती सावकाश खाली बसली, पालथी झाली आणि हातपाय पसरून, बर्फाला पोट लावून, इंच इंच मागे सरकू लागली.

किनाऱ्याला लागल्यावर ती उठली. कपडे झटकले. शाल्मली पुढे झाली, पण पानिंग्वाक तिच्याजवळून अशी निघून गेली की जणू तिथे कुणी नव्हतंच.

गावात दुसऱ्यांदा सुतक आलं. या खेपेला घराघरांतून रडणं ऐकू येत होतं. त्या दोन भावांच्या आईने शाल्मलीच्या अंगावर कॉफी फेकली. माणसं एकमेकांशी भांडली, एकमेकांच्या गळ्यात पडली, दुकान आठवडाभर उघडलं नाही. शाल्मली खोलीत बसून राहायची. निनादचा ठिपका ज्या वाटेने जायचा त्या वाटेला ती गेली नाही. पानिंग्वाक तिच्या दाराशी जेवण ठेवून जाई, पण एक शब्द बोलत नसे.

थोरकिल संतापले. "पायाच गेला! आता अंक कशाशी ताडून काढायचा?"

"तो अंक खोटा होता," शाल्मली म्हणाली. "गाव सावरलं नव्हतं. आमच्या यंत्रानेच त्याला धरून ठेवलं होतं. चूक माझी आहे, तसं लिहून देते."

"तुम्ही काय लिहून देता त्याने भिंत बांधली जात नाही. अंक नसला की गाव हलवायच्या यादीत."

आणि तसंच झालं. गाव सामायिक घरात जमलं. सगळं ऐकून घेतल्यावर पानिंग्वाक उठली. काढलेल्या पडद्याच्या जागी भिंतीवर चौकोनी डाग उरला होता, त्याला पाठ करून ती उभी राहिली. तिच्या हातात नायाचं बाळ होतं.

"आक्कालुकला विचारलं मी," बाळाकडे बघत ती म्हणाली. "तो म्हणतो, इथला बर्फ आता आपला राहिला नाही. खाडीच्या आतल्या बाजूला त्याच्या आजोबांची उन्हाळी जागा होती, तिकडे जाऊ या."

लोक हसले, काही रडले. बाळाला नाव मिळालं होतं.

निम्मं गाव शेवटी शहरातच गेलं. नायाही गेली, बाळाला घेऊन, तिथे तिच्या नवऱ्याला काम होतं. उरलेले होड्यांतून घरांच्या फळ्या वाहून खाडीच्या आत गेले. शाल्मली परतली त्या दिवशी पानिंग्वाकने पुन्हा तिची बॅग उचलली आणि हेलिकॉप्टरपर्यंत आली. बोलली मात्र नाही.

पुण्यात शाल्मलीने पुन्हा शिकवायला सुरुवात केली. 'सावर' आता इतर देशांतही वापरात होतं, आणि तिचं म्हणणं एवढंच असे की सावलीगाव कुणालाही दाखवू नका, ते बनवणाऱ्यालाही नाही. दुपारच्या ठरावीक वेळेला तिचे पाय आपोआप उठायचे. ती खोलीत दोन फेऱ्या मारून पुन्हा बसायची. उजव्या बाजूला थोडी जागा सोडून चालायची सवय तिच्या मैत्रिणींच्याही लक्षात आली होती.

पावसाळा संपता संपता एका सकाळी, शाल्मली तासाआधी फळ्यावर लिहीत असताना, फोन वाजला. पडद्यावर पानिंग्वाक होती. मागे नव्या फळ्यांचं घर, खिडकीत ऊन.

"निनात आलाय," ती म्हणाली.

शाल्मलीने खडू खाली ठेवला.

"दुकानवाल्याच्या सुनेला झालाय. गावातल्यांनी मला विचारलं, नाव कुणाचं द्यायचं. मी म्हटलं, त्याला इथे कुणी रक्ताचं नाही, म्हणून तो अजून बाहेर थंडीत उभा असेल." तिने फोन फिरवला. लोकरीच्या गुंडाळ्यात लाल, सुरकुतलेला, मिटल्या डोळ्यांचा चेहरा होता. "मुलगी आहे. पण आमच्यात त्याने काही बिघडत नाही. हा तुझा नवरा. तू याच्याशी बायकोसारखंच बोलायचंस."

शाल्मली शास्त्रज्ञ होती. हे बाळ कोण आहे हे तिला नीट ठाऊक होतं: कुणा दुकानवाल्याची नात. तिला फोन बंद करावासा वाटला. पुन्हा तेच, पुन्हा ठिपका, असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात बाळाने जांभई दिली, तोंड वेडंवाकडं करून, आणि त्यात निनादचं काहीएक नव्हतं. ते सगळंच्या सगळं नवीन होतं.

"बोल ना," पानिंग्वाक म्हणाली. "वाट बघतोय."

"पाय," शाल्मली म्हणाली. "पाय झाकलेत का त्याचे? त्याचे पाय नेहमी गार असायचे. झोपताना दोन मोजे लागायचे."

पानिंग्वाकने गुंडाळं सोडून बघितलं. "उघडेच आहेत," ती म्हणाली आणि तिथल्या कुणाला तरी जोरात ओरडली. दुभाष्याने ते भाषांतर करायचं सोडून दिलं.

शाल्मली लोकरीचे मोजे चढेपर्यंत बघत राहिली. मग तिने विचारलं, "समुद्र गोठायच्या आत शेवटची बोट तुमच्याकडे केव्हा येते?"